एक वाजताचा फोन

काडीला टोचून भाजलेल्या माशाचा दुसरा तुकडा बाईंनी दातांनी नुकताच सोडवून घेतला होता. तिखटाने डोळ्यांत आलेलं पाणी ओढणीने टिपायला त्यांनी मान वर केली, तर समोरच्या गाडीपाशी त्यांची मुलगी बसलेली. मध्ये रस्ता जेमतेम पंधरा पावलांचा, त्यातही निम्म्यात छत्र्या, घमेली आणि धूर. पण आईची नजर ती, चुकायची कशी! ठकूच होती. सकाळी साडेआठला "आज मरणाचं काम आहे गं, जेवणसुद्धा टेबलावरच" असं म्हणत बाहेर पडलेली, पुलापलीकडे बसने चाळीस मिनिटांवर असलेल्या ऑफिसात आत्ता असायला हवी होती ती ठकू. इथे ती बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. ऑफिसचे बूट शेजारच्या पिशवीतून डोकावत होते, पायांत रबरी सपाता होत्या, केस वर गोळा करून कसेतरी बांधलेले. वाडग्यातलं काहीतरी चमच्याने ढवळत होती, खात नव्हती. तिला कुठेही जायची घाई नव्हती, हे तिच्या वाकलेल्या पाठीवरूनच कळत होतं. आणि गंमत अशी की चोरी पकडली गेली मुलीची आणि लपल्या बाई. हातातली काडी त्यांनी चटकन खाली केली आणि फळं कापून विकणाऱ्या बाईच्या मोठ्या छत्रीआड त्या सरकल्या. फळवालीला वाटलं, गिऱ्हाईक आलं. तिने तिखटमीठ लावलेल्या फोडींचा द्रोण पुढे केला. बाईंनी तो घेतला. नाही म्हणायला तिच्या भाषेतला शब्द त्यांच्यापाशी नव्हता.

खरं तर त्या इथे यायच्याच नव्हत्या. ठकूने रोजचा कार्यक्रम कागदावर लिहून दिला होता: कुठली बस, कितव्या थांब्यावर उतरायचं, काय बघायचं, कुठे बसून काय खायचं, कुठलं पाणी प्यायचं नाही. इथली लिपी म्हणजे बाईंना नुसत्या वेलबुट्ट्या. म्हणून थांबे मोजायचे. आजचं संग्रहालय सातव्या थांब्यावर होतं. बाई मोजण्यात पक्क्या. जन्म त्यातच गेला. पण मधल्या एका थांब्यावर चढणारं उतरणारं कुणी नव्हतं म्हणून चालकाने गाडी थांबवलीच नाही, आणि बाईंच्या हिशेबी जो सातवा तो निघाला आठवा. उतरल्या तर संग्रहालय नाही, हा खाण्याचा बाजार समोर. ऊन असं की डांबरावर चप्पल चिकटावी. एक थांबा मागे चालत जायला हवं होतं, पण माशाचा वास आला, आणि त्या वासाच्या मागोमाग गेल्या. बासष्टाव्या वर्षी बाईंना हे नवंच व्यसन लागलं होतं, रस्त्यावर उभ्याने खायचं. उभा जन्म स्टीलच्या डब्यातली पोळीभाजी वीस मिनिटांच्या सुट्टीत घड्याळाकडे बघत गिळण्यात गेलेला. इथे पहिल्याच दिवशी एका गाडीवर गरम तेलातून काढलेलं, पाकात बुडवलेलं काहीतरी त्यांनी बोट दाखवून मागितलं, पाक मनगटापर्यंत ओघळला, आणि चारचौघांत त्यांनी तो चाटला. कुणी बघितलं नाही. कुणाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं, की त्या कुणाच्या कोण. त्यात मजा होती. संध्याकाळी ठकूच्या घरी परतताना त्याच गोष्टीने एकटं वाटायचं, ते वेगळं.

काल लिफ्टमध्ये भेटलेली ती बाई आत्ता त्यांना लख्ख आठवली. ठकूच्याच ऑफिसात काम करते, दोन मजले खाली राहते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली होती, "तुम्ही नशीबवान. तुमच्यासाठी तिने अख्खा आठवडा रजा घेतलीय. तीन वर्षांत पहिली रजा!" बाई हसल्या होत्या, थँक्यू म्हणाल्या होत्या, आणि मनात म्हणाल्या होत्या, हिने कुणाचं कुणाला जोडलंय कोण जाणे. कारण ठकू तर रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसला जात होती. पहिले दोन दिवस तेवढी घरी राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, ऑफिसातून सारखे फोन येतायत, मला जावंच लागणार." तेव्हा बाईंना, लपवायचं कशाला, सुटल्यासारखंच झालं होतं. आणि त्या सुटण्याची त्यांना दिवसभर लाज वाटली होती. आता कळलं, सुटायचं दोघींनाही होतं. मुलीने रजा काढली ती आईसाठी, आणि रजा काढून दिवसभर या उन्हात रस्तोरस्ती बसून राहिली ती आईपासून लांब राहायला. बाईंच्या जिभेवरचं तिखट एकदम निवलं. त्यांनी फळाची एक फोड तोंडात टाकली, आणि ती कसली आहे तेही त्यांना कळलं नाही.

बाई तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावचे ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या म्हणून त्यांच्या भागात त्यांना सगळे ट्रंकबाईच म्हणत; नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही. डोक्यावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात जोडणीच्या दोऱ्या. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाला जोडून द्यायचा आणि आपली चावी, म्हणजे ऐकायचं बटण, बंद करायची. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा पहिला नियम. बोलणं चालू आहे की लाइन मेली हे बघायला मधून मधून क्षणभर चावी उघडायची, हा दुसरा. या दोन नियमांच्या फटीतून बाईंना माणसं कळली. खोटं बोलणारा बोलण्याआधी किंचित श्वास आत घेतो. वाईट बातमी सांगणारा आधी हवापाण्याची चौकशी करतो. ज्यांना खरोखर काही सांगायचं असतं ते कॉलच्या ठरलेल्या तीन मिनिटांतली अडीच मिनिटं अशीच घालवतात आणि मग बाईंनी "वेळ संपली, वाढवू का?" असं विचारल्यावर भडाभडा बोलू लागतात. चेहरा मात्र एकाचाही त्यांनी पाहिला नव्हता. एकदा बँकेत एक गृहस्थ पुढे उभे होते. आवाजावरून बाईंनी ओळखलं, हा तोच, जो दर सोमवारी एका बाईला फोन करून काहीच बोलत नसे. चेहऱ्याने तो अगदीच सामान्य निघाला, गालावर साबण राहिलेला. बाईंना उगाचच फसवल्यासारखं वाटलं होतं.

ठकूला त्यांनी फोनवरच वाढवलं, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. नवरा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर; बाईंची पाळी दुपारी दोन ते रात्री नऊ. खात्याकडून घरी फोन मिळाला होता, तो पोरीच्या हाताला येईल असा खाली पाटावर ठेवलेला. साडेचारला शाळेतून आली की ठकू दाराला आतून कडी लावायची आणि फोनशेजारी फतकल मारायची. बाई बोर्डावरून घरचा नंबर लावायच्या. "आलीस? कडी लावलीस? दूध प्यायलीस?" "हो. हो. हो." तिसऱ्या 'हो'च्या आधी श्वास आत. "ओतून दिलंस ना मोरीत?" मग पलीकडून खुदखुद. सुपरवायझर जुने, कनवाळू; दुसरीकडे बघायचे. कॉल आला की बाई "थांब हं" म्हणायच्या, कुणाला कुणाशी जोडून द्यायच्या आणि परत यायच्या, आणि ठकू अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे न्यायची, मध्ये मिनिट गेलं असो नाहीतर दहा. शाळेतल्या मारामाऱ्या, पहिल्यांदा कपड्यांना लागलेलं रक्त आणि त्याची भीती, गणितातले बारा मार्क, कुणीतरी वहीत ठेवलेली चिठ्ठी, सगळं बाईंनी कानाने पाहिलं. रात्री नऊनंतर त्या घरी यायच्या तेव्हा ठकू पुस्तकात तोंड घालून बसलेली असायची. "जेवलीस?" "हो." संपलं. सांगायचं ते सांगून झालेलं असे. समोरासमोर त्या दोघी मायलेकी एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या दोन सभ्य माणसांसारख्या वागायच्या. एकमेकींना पाणी द्यायच्या. बाईंना वाटायचं, दमतो आपण, म्हणून. पोरगी मोठी होतेय, म्हणून.

पुढे ठकू शिकली, या परक्या गरम शहरात नोकरीला आली, त्याला अकरा वर्षं झाली. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, तोही फिरतीवर असल्यासारखा, गाजावाजा न करता. फोन मात्र चालूच होता. रविवारी दोन-दोन तास. अशा मायलेकी जगात नसतील असं बाईंच्या शेजारणी म्हणायच्या, भिंतीतून हसणं ऐकू जायचं त्यांना. गेलं वर्षभर ठकूने एकच लावून धरलं होतं, "आई, आता पुरे झालं एकटीने राहणं. इथे ये. माझ्याकडे. कायमची." बाईंनी आढेवेढे घेतले, गुडघ्याचं निमित्त सांगितलं, कुंड्यांचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, आठ दिवस येऊन बघते, मग ठरवू. परतीचं तिकीट परवाचं होतं. ठरवायचं होतं ते अजून तसंच पडलं होतं, आणि त्याच्याभोवती दोघी आठवडाभर पाय न लागू देता वावरत होत्या. विमानतळावर ठकूने त्यांना मिठी मारली ती बाईंच्या चष्म्याची काडी वाकेस्तोवर, आणि मग गाडीत बसल्यावर जी शांतता सुरू झाली ती आजतागायत. दोन खोल्यांचं घर, बंद काचा, वातानुकूलन यंत्राची घरघर. "चहा?" "चालेल." "साखर?" "अर्धा." ठकू फोनमध्ये बघायची, बाई खिडकीतून समोरच्या इमारतीचे मजले मोजायच्या. काल जेवताना ठकूने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बाईंनी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही. मीठ बरोबर झालंय." ही हसायची कशी, तेच बाईंना आठवेना. चाळिशीला आलेली, डोळ्यांखाली काळं, कानामागे दोन पांढरे केस. ही बाई कोण, आपण हिच्या घरात का, असं क्षणभर बाईंना वाटून गेलं होतं.

आणि दुपारी एक वाजता फोन यायचा! तिसऱ्या दिवसापासून रोज, न चुकता. "आई, जेवणाची सुट्टी झालीय. सांग, आज काय काय खाल्लंस?" की बाईंचं बोलणं सुटायचंच. कुठल्या गाडीवर काय होतं, विकणाऱ्याने मिरच्या दाखवून बोटांनी एक-दोन-तीन असं विचारलं आणि बाईंनी तोऱ्यात तीन सांगितलं, मग कानातून वाफा निघाल्या आणि त्या माणसानेच घाबरून बर्फाचा गोळा हातात ठेवला. राजवाड्यात पाय जळू नयेत म्हणून चटईवरून उड्या मारत चाललेले पाहुणे. बागेतलं सोंड नसलेलं हत्तीचं शिल्प, त्याच्यासमोर एक म्हातारा तासभर नुसता बसलेला. ठकू हसून हसून म्हणायची, "थांब, थांब, पोटात दुखायला लागलं." पन्नास मिनिटं, तासभर. मग तिचंही काहीबाही निघायचं. वरिष्ठ बाई तिला कशी पाण्यात पाहते. मागच्या वर्षी एक माणूस आला होता आयुष्यात, जवळजवळ ठरलंच होतं, मग नाही ठरलं. हे बाईंना परवा बागेतल्या बाकावर बसून, कानाला फोन लावून कळलं. घरात सोफ्यावर दोघी वीतभर अंतरावर बसतात, तिथे नाही. संध्याकाळी ठकू आली की बाई तिच्या तोंडाकडे बघायच्या, दुपारची ती यात कुठे आहे का. "आज काय पाहिलंस मग?" "सांगितलं की फोनवर." "हो, खरंच."

छत्रीआडून बाई बघत राहिल्या. घड्याळात एक वाजायला आठ मिनिटं कमी होती. त्यांच्या मनात आलं, आत्ताच उठावं, बस धरावी, खोलीवर जाऊन बॅग भरावी. भांडण नाही, तंटा नाही. परवा जायचंच आहे. पोरीला आई नकोय, आई फोनवर हवीय, आणि फोनवरची आई तिकडे आपल्या घरी राहूनही मिळतेच. मग हे कायमचं ये, कायमचं ये कशाला? जिचं तोंड बघायला नको ती आई घरात ठेवून करायचंय काय? बाईंना राग आला. राग बरा होता, त्याला धरून उभं राहता येत होतं. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी कुणी ऑपरेटर आजारी पडली की बाई आपणहून तिची पाळी घ्यायच्या. "तुझ्यावाचून अडणार आहे का तो बोर्ड?" असं नवरा चिडून म्हणायचा. बाई म्हणायच्या, ओव्हरटाइम मिळतो. ओव्हरटाइम मिळायचा खरा. पण सुट्टीच्या दिवशी साडेचारला घरी फोन करता यायचा, पोर खुदखुदायची, हे कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही आत्ता, परमुलखात, कपाळावरून घाम नाकावर उतरत असताना पहिल्यांदाच सांगितलं. नवऱ्याला वाटायचं, हिला घर नको. ठकूला काय वाटत असेल? ती तेव्हा नऊ वर्षांची. शाळेला निघताना दारातून वळून ती आईकडे बघायची, रडायची नाही, म्हणायची, "साडेचारला ना?"

समोर ठकूने वाडगा बाजूला सारला. रुमालाने हात पुसले, केस सोडून पुन्हा नीट बांधले, बाहेर जायच्या आधी आरशासमोर बांधतात तसे. पिशवीतून फोन काढला. मग बसल्या जागी ती थोडी सावरून बसली आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, अजून फोन लागायचा होता तरी. बाईंच्या पर्समध्ये घंटी वाजू लागली. त्यांनी घाईघाईने द्रोण फळवालीच्या फळीवर टेकवला.

"हॅलो."

"आई! झाली सुट्टी. बोल, संग्रहालय कसं होतं?"

आवाज कानात होता आणि ओठ समोर हलत होते, क्षणभराच्या फरकाने. आधी ओठ, मग आवाज.

"छान होतं," त्या म्हणाल्या आणि स्वतःचाच श्वास आधी आत गेलेला त्यांना ऐकू आला.

"नुसतं छान? आणि खाल्लंस काय?"

"मासा. भाजलेला."

"मग?"

मग काही नाही. ठकूच्या मानेवरचा घाम दिसत होता, मोकळ्या हाताने ती आणखी सांग, आणखी सांग अशी खूण करत होती, हवेतल्या आईला. घरी हाच हात टेबलावर मेल्यासारखा पडलेला असतो. बाईंना सांगायचं होतं, मासेवाल्याने काटे कसे एका झटक्यात ओढले, वास कसा आधी नाकात आणि मग गुडघ्यात गेला. सगळं तयार होतं, पण समोरच्या त्या चेहऱ्यावर डोळे टेकले की जीभ टाळ्याला चिकटत होती. त्या चेहऱ्याला काय बोलायचं असतं ते त्यांना कधी आलंच नव्हतं. समोरचा चेहरा हळूहळू विझू लागला, तोही त्यांना दिसला. हात खाली आला.

"आई? बरं वाटतंय ना? ऊन लागलं का?"

"नाही गं."

"मग गप्प का? आवाज तुटतोय का माझा?"

"थांब हं," बाई म्हणाल्या. आणि ठकू थांबली. काही न विचारता, फोन कानाला तसाच धरून, नजर जमिनीकडे लावून ती थांबली, जशी नवव्या वर्षी थांबायची तशी. बाईंना एकदम भरून आलं. हाक मारावी, रस्ता ओलांडावा, तिचं घामेजलेलं डोकं छातीशी धरावं, असं फार वाटलं. पण पुढे? पुढे दोघी बसने खोलीवर जातील. "चहा?" "चालेल." रस्ता ओलांडून जे हाती आलं असतं ते दोन खोल्यांत आठवडाभर पाहून झालं होतं.

फळवालीच्या गाडीला लागून एक स्टूल होतं. बाईंनी ते पायाने ओढलं, फिरवलं, आणि मुलीकडे पाठ करून त्या त्यावर बसल्या. समोर आता नुसती भिंत होती, चुना उडालेली.

"हं, कुठे होते मी? मासा," त्या म्हणाल्या. "अगं, त्या माशाने माझा आज संग्रहालयाचा बेत बुडवला. मी गेलेच नाही तिकडे. थांबा चुकले."

"चुकलीस? तू? मोजण्यात?"

"ड्रायव्हरने थांबा गिळला, मी काय करू! उतरले तर हा बाजार. आणि तो मासेवाला, काय सांगू तुला, बोटं अशी जाड नि काटा ओढतो कसा, तर सुईतला दोरा ओढावा तसा. मी दोन तुकडे खाल्ले. तिसऱ्याचा विचार चाललाय."

पलीकडे खुदखुद सुरू झाली. बाईंनी डोळे मिटले. त्या बोलत गेल्या. माशावरून आजोळच्या विहिरीवर आल्या, विहिरीवरून ठकूच्या बाबांवर, ते फिरतीवरून यायचे तेव्हा पहिला दिवस कसे पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसायचे त्यावर. ठकू हसत होती आणि मध्येच हसणं थांबवून तिने विचारलं, "आई, एक विचारू? परवाचं तिकीट रद्द करू का?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. "आणि मग? रोज तू ऑफिसला जाणार?"

"जाईन ना."

"आणि मी हिंडणार."

"हिंड की. खा. एक वाजता मी फोन करीनच." लाइन मेली नव्हती, तिचा श्वास ऐकू येत होता, नुसता येणारा आणि जाणारा. "संध्याकाळी नाही जमत गं मला. मला वाटतं, तुलाही नाही जमत. पण तू शहरात कुठेतरी आहेस, तेवढं मला पुष्कळ आहे. तुला पुरेल का, ते मला माहीत नाही."

बाईंना दिसली ती संध्याकाळ, ती घरघर, साखर अर्धा चमचा, आणि अशा किती संध्याकाळी. त्यांना वाटलं, पुरणार नाही. मग वाटलं, तिकडे तर तेवढंही नाही. ऊन आता छत्रीखालून आत आलं होतं, कुडता पाठीला चिकटला होता.

"आई," ठकू म्हणाली, आधीपेक्षा हळू, "डावीकडे सरक थोडी. पाठीवर ऊन आलंय तुझ्या."

बाई स्टुलासकट डावीकडे सरकल्या. वळून त्यांनी पाहिलं नाही.

"आता?"

"आता बरोबर आहे. बोल."